प्रोसेसरआधी माझे काम विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

सुटे भाग घेऊन घरी जोडलेल्या संगणकावर एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीची सगळी चित्रे काल पूर्ण झाली आणि ती मालकांकडे पाठवल्यावर आपली आठवण झाली. आभार समक्ष मानता आले असते. पण बेताच्या पैशांत संगणक जोडू पाहणाऱ्या इतरांनाही आपला सल्ला वाचता यावा, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे.

मी आपल्याकडे आले तेव्हा माझ्या यादीत इंटेलचा १२ कोरचा (म्हणजे गणना करणारे १२ भाग असलेला) आय७-१२७००एफ प्रोसेसर होता आणि उरलेल्या पैशांत बसणारे ४ जीबीचे लहान ग्राफिक्स कार्ड. आपण यादी बाजूला ठेवलीत आणि मी दिवसभर काय काम करते ते विचारलेत. स्केचअप या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल उभारताना बहुतेक भार एकाच कोरवर पडतो, आणि ब्लेंडर या सॉफ्टवेअरमधल्या सायकल्स इंजिनचे रेंडरिंग, म्हणजे मॉडेलवरून खरेखुरे दिसणारे चित्र तयार करणे, ग्राफिक्स कार्डाकडे सोपवता येते, हे आपण माझ्याच फायली उघडून दाखवलेत. तेव्हा कुठे मला उमगले की मी नको तिथे पैसे घालत होते. आपण सुचवलेला ६ कोरचा आय५-१२४०० मला आजवर कधीही कमी पडलेला नाही.

तोही आपण नावाच्या शेवटी ‘एफ’ नसलेला घ्यायला लावलात. ‘एफ’च्या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स मिळत नाही, त्यामुळे कार्डाशिवाय मॉनिटरवर काहीच उमटत नाही. कार्डाचे पैसे साठेपर्यंतचे तीन महिने माझे काम थांबले नाही, ते या सल्ल्यामुळेच. अंतर्गत ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरते, म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घेऊन ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी माहितीची ये-जा) साधावे, हेही आपण आठवणीने सांगितलेत.

कार्डाच्या बाबतीत मात्र मी हट्टाला पेटले होते. एनव्हिडियाचे २०२३ सालचे आरटीएक्स ४०६० कार्ड हे २०२१ च्या आरटीएक्स ३०६० पेक्षा वेगवान, आणि वीजही १७० वॅटऐवजी ११५ वॅट घेणारे. मग जुने का घ्यावे? त्यावर आपण एवढेच म्हणालात, “तुझा सर्वांत जड सीन रेंडर कर आणि ब्लेंडर किती मेमरी दाखवते ते मला कळव.” अंगणातली झाडे, कौले, लाकडाचे पोत असे सगळे धरून आकडा १० जीबीच्या आसपास आला. ४०६० मध्ये ८ जीबी, ३०६० मध्ये १२. कार्डाची मेमरी अपुरी पडली की रेंडर रखडतो किंवा अर्ध्यात बंद पडतो, तेव्हा त्याचा वेग काय कामाचा? मी ३०६० घेतले. प्रोसेसरवर ४० मिनिटे घेणारी वाड्याच्या चौकाची फ्रेम आता सहा मिनिटांत होते.

कार्ड बसवल्यावरही स्केचअप पूर्वीइतकेच संथ चालत होते, तेव्हा रात्री साडेदहाला आपण फोन उचललात. मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डलाच (संगणकाच्या मुख्य बोर्डलाच) आहे का, ही आपली पहिली शंका, आणि तेच कारण निघाले; चित्र अजून अंतर्गत ग्राफिक्सच काढत होते. केबल कार्डाला जोडून सारे सुरळीत झाल्याचे मी कळवेपर्यंत आपण जागे राहिलात, हे मी विसरणार नाही.

येत्या रविवारी चौकाची चित्रे घेऊन आपल्याकडे येते. काकूंनाही नमस्कार सांगावा.

आपली ऋणी,
तिसऱ्या मजल्यावरची आर्किटेक्ट