किल्ला जपला, किल्ल्याच्या नजरेचे काय?

महोदय,

कॅनडातील हॅलिफॅक्सच्या सिटाडेल किल्ल्याविषयी पर्यटनपर लेखांतून जे वाचायला मिळते, ते बहुधा रोज दुपारी बाराला उडणारी तोफ आणि जुन्या स्कॉटिश पलटणीच्या वेशातील पहारेकरी यांपाशीच थांबते. नुकताच हा किल्ला पाहण्याचा योग आला, तेव्हा त्याहून महत्त्वाची वाटलेली एक बाब आपल्या वाचकांपुढे मांडावीशी वाटते.

इंग्रजांनी 1749 मध्ये हे शहर वसवल्यापासून बंदरावरच्या या टेकडीवर एकामागून एक चार किल्ले झाले. त्यांतला आजचा तारकाकृती किल्ला 1828 ते 1856 या काळात बांधला गेला आणि त्याच्यावर हल्ला असा कधी झालाच नाही. तटावरील डोलकाठ्यांवर निशाणे चढवून येणाऱ्या जहाजांची वर्दी शहराला दिली जात असे. म्हणजे दूरवर पाहणे हेच या किल्ल्याचे खरे काम होते. तटावर उभे राहिले की खाली उतारावरचे 1803 सालचे घड्याळ, बंदराकडे सरळ उतरत गेलेले रस्ते, पाण्यातले जॉर्जेस बेट आणि पैलतीरावरचे डार्टमथ आजही दिसते. हे आपोआप घडलेले नाही. टेकडीवरील ठरावीक जागांपासून बंदरापर्यंत दृष्टिरेषा आखून त्यांच्या आड येणाऱ्या बांधकामास तेथे 1974 पासून कायद्याने मज्जाव आहे. या पट्ट्यांच्या मधे उंच इमारती झाल्या आहेत आणि देखावा अखंड उरलेला नाही, हेही खरे. पण जे राखायचे ठरवले ते राखले गेले आहे.

आपल्याकडे केंद्र संरक्षित स्मारकांभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते. ही तरतूद आवश्यकच आहे, मात्र ती अंतर मोजते, नजर मोजत नाही; तीनशे मीटरांपलीकडचा मनोराही समुद्र झाकू शकतो. मुंबई बंदरावरचा शिवडीचा किल्ला किंवा रत्नागिरीचा रत्नदुर्ग यांसारख्या ठिकाणी, पुढील विकास आराखडा करताना नगररचना विभागाने तटावरून समुद्राकडे जाणाऱ्या दृष्टिरेषा नकाशावर आखाव्यात आणि त्यांवर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्यात, अशी विनंती आहे.

– एक वाचक