तरतूद म्हणजे पैसा नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्याचा अर्थसंकल्प सादर झाला की दुसऱ्या दिवशी आपल्यासह सगळ्याच दैनिकांत 'अमुक योजनेसाठी इतके कोटी' अशा चौकटी येतात. त्या वाचताना मला दर वर्षी एका वसतिगृहाचे छप्पर आठवते. त्या छपराबद्दल लिहायचे बरेच दिवस मनात होते.

मी राज्य शासनाच्या एका विभागाच्या जिल्हा कार्यालयात, लेखा शाखेत, एकतीस वर्षे काम केले. लिपिक म्हणून लागले, सहायक लेखा अधिकारी म्हणून निवृत्त झाले. आमच्या कार्यालयाकडे मुलींचे एक वसतिगृह होते. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या गळायच्या. मुली खाटा ओढून कोरड्या भिंतीला लावायच्या आणि एकेका खाटेवर दोघी-दोघी झोपायच्या. दुरुस्तीची रक्कम '27-लहान बांधकामे' या उद्दिष्टाखाली, म्हणजे खर्चाच्या प्रकाराच्या सदराखाली, मंजूर झालेली होती. अर्थसंकल्पाच्या पुस्तकातले ते पान माझ्या टेबलावर होते. पावसाळा संपेपर्यंत त्यातला एक रुपयाही वितरित झाला नाही. डिसेंबरात थोडा निधी आला, तो आदल्या वर्षीची थकलेली देयके भागवण्यात गेला. उरलेली रक्कम बीम्सवर, म्हणजे शासनाच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, दिसली ती 28 मार्चला, संध्याकाळी. तीन दिवसांत निविदा, काम, मोजमाप आणि देयक एवढे सगळे होत नाही. रक्कम समर्पित, म्हणजे न वापरता शासनाला परत, करत असल्याचे पत्र मीच टाइप केले. असे सलग तीन वर्षे झाले. तिन्ही वर्षी पुस्तकात ते छप्पर दुरुस्त होणार होते.

विधिमंडळ जे मंजूर करते ती खर्चाची परवानगी असते. संविधानात 'बजेट' हा शब्दच नाही. अनुच्छेद 202 मध्ये 'वार्षिक वित्तीय विवरणपत्र' म्हटले आहे, आणि अनुच्छेद 204 प्रमाणे विनियोजनाचा कायदा झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे मुख्य तिजोरीतून, पैसा काढता येत नाही. म्हणजे या रकमेच्या वर जायचे नाही, एवढे बंधन सभागृह घालते. तेवढा खर्च करावाच, असा आदेश त्यात नसतो. पैसा वर्षभर थोडाथोडा तिजोरीत येतो: वस्तू व सेवा कर, मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क, वाहनांवरचा कर, पेट्रोल-डिझेलवरचा राज्याचा कर आणि केंद्रीय करांतला वाटा. पंधराव्या वित्त आयोगाने वाटपयोग्य केंद्रीय करांपैकी 41 टक्के राज्यांना दिले आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के ठरवला. यातले काहीही अंदाजापेक्षा कमी आले की वित्त विभागाला कुठे तरी हात आखडता घ्यावा लागतो. कुठे, हा माझ्या मते अर्थसंकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि मार्च महिन्यातल्या भाषणात त्याचे उत्तर नसते.

वेतन थांबवता येत नाही. निवृत्तिवेतन थांबवता येत नाही. व्याज तर भारित खर्च आहे, त्यावर सभागृहात चर्चा होते पण मतदान होत नाही. हे तिन्ही बाजूला काढले की मग दुरुस्त्या, औषधे, पुस्तके, रस्ते, सिंचनाची अर्धवट कामे उरतात. कात्री तिथेच चालते. माझे निवृत्तिवेतन दर महिन्याला वेळेवर जमा होते आणि त्याबद्दल मी शासनाची ऋणी आहे. पण ज्या हिशेबाने ते वेळेवर येते त्याच हिशेबात छपराचा पैसा थांबतो, हे मी एकतीस वर्षे जवळून पाहिले आहे.

करोनाच्या काळात हे सर्वांना उघड दिसले. 4 मे 2020 च्या शासन निर्णयाने विभागांना त्या वर्षीच्या तरतुदीच्या 33 टक्क्यांतच खर्च बसवायला सांगितले गेले. तो निर्णय त्या वेळी टाळता येण्यासारखा नव्हता, असे मला आजही वाटते. माझे म्हणणे वेगळे आहे. तिथे निदान टक्केवारी लिहून दिली होती आणि ती सगळ्यांना वाचता येत होती. एरवीच्या वर्षांत अशीच कपात निधी उशिरा सोडून होते. तिचा कागद निघत नाही, त्यामुळे तिच्यावर सभागृहात प्रश्नही विचारला जात नाही.

आता समतोलाविषयी. कागदावर दोन्ही बाजू नेहमी जुळतात, कारण काढलेले कर्जही भांडवली जमेतच धरले जाते. म्हणून तुटीचे आकडे पाहावे लागतात. 2025-26 चा अर्थसंकल्प 7 लाख 20 कोटी रुपयांच्या खर्चाचा होता. महसुली जमा 5 लाख 60 हजार 964 कोटी आणि महसुली खर्च 6 लाख 6 हजार 855 कोटी, म्हणजे महसुली तूट 45 हजार 891 कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात एकूण जी उसनवारी करावी लागते ती, साधारण 1 लाख 36 हजार कोटी. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा: वर्षभरात जी उसनवारी करायची, तिच्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग रोजचा खर्च भागवण्यासाठीच लागणार, हे मार्चमध्येच लिहिलेले होते. कर्ज काढून धरण बांधले तर पुढची पिढी पाणी वापरते आणि हप्ताही भरते. कर्ज काढून चालू महिन्याचे अनुदान वाटले तर तिच्याकडे फक्त हप्ता जातो. 2005 मध्ये राज्याने राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केला तो महसुली तूट संपवावी याचसाठी. चर्चा मात्र राजकोषीय तूट राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या आत आहे की नाही, यावरच थांबते. आत असली की सगळे ठीक आहे असे सांगितले जाते.

आणि वरचे हे आकडेही फक्त मार्चमधले. 10 मार्च 2025 ला अर्थसंकल्प मांडला गेला. पावसाळी अधिवेशनात 57 हजार 509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या आणि डिसेंबरात नागपूरला आणखी 75 हजार 286 कोटींच्या. दोन्ही मिळून 1 लाख 32 हजार कोटींच्या वर, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. पुरवणी मागणीतला प्रत्येक रुपया नवा नसतो, हे मला माहीत आहे. काही रक्कम केंद्राच्या योजनांची असते, काही नुसते हिशेबाचे समायोजन. पावसाळी अधिवेशनातल्या मागण्यांचा निव्वळ भार 40 हजार 644 कोटी सांगितला होता. तोही थोडाथोडका नाही. अनुच्छेद 205 मध्ये पुरवणी मागण्यांची सोय आहे, ती वर्षाच्या सुरुवातीला न दिसलेल्या गरजेसाठी. अतिवृष्टी झाली तर पुरवणी मागणी यायलाच हवी. पण जो खर्च मार्चमध्ये ठाऊक असतो तो जुलैत मागितला, तर मार्चमध्ये दाखवलेली तूट खरी नव्हती असाच त्याचा अर्थ होतो. वर्षातून दोन-तीनदा काही दिवसांच्या चर्चेत इतक्या रकमा मंजूर होतात, आणि तेव्हा वर्तमानपत्रांत चौकटी नसतात.

यात आम्हा खालच्या कार्यालयांचाही दोष आहे, तो मी लपवणार नाही. पुढच्या वर्षाचे अंदाज आम्ही पावसाळ्यातच तयार करायचो. वेतनाचा अंदाज सोपा असतो: भरलेली पदे, वेतनवाढ, वित्त विभाग सांगेल त्या दराने महागाई भत्ता. बाकीच्या उद्दिष्टांत आम्ही सरळ वाढवून मागत असू, कारण नियंत्रण अधिकारी एकदा कापणार, मंत्रालयातला विभाग दुसऱ्यांदा कापणार आणि वित्त विभाग तिसऱ्यांदा. त्यांना ठाऊक असायचे की आम्ही वाढवून मागतो, म्हणून ते कापायचे. ते कापतात हे आम्हाला ठाऊक, म्हणून आम्ही वाढवायचो. खरी गरज किती, हे या साखळीत कुणालाच सांगता येत नसे. पहिल्या आठ महिन्यांच्या खर्चावरून केलेला आठमाही सुधारित अंदाज पाठवतानाही तेच. आणि मार्चमध्ये उरलेला पैसा परत जाऊ नये म्हणून तो पीएलए खात्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावे असलेल्या वैयक्तिक ठेव खात्यात, टाकून खर्च झाल्याचे दाखवणे, यावर महालेखापालांनी किती वेळा आक्षेप घेतला ते लेखा शाखेत काम केलेला कुणीही सांगेल.

आपल्याकडे माझी एक मागणी आहे. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक बाबीपुढे, रकाने असतात: आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद. आपण चौकटीत फक्त शेवटचा रकाना छापता. एखाद्या योजनेला या वर्षी इतके कोटी मिळाले असे छापताना, तिला मागे किती मंजूर होते आणि त्यातले खर्च किती झाले, हे दोन आकडे शेजारी छापा. वाचकाला पुढचे काही समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरे, वर्षाच्या मध्यावरही एकदा बघा. किती तरतूद, किती वितरण आणि किती खर्च हे बीम्समध्ये सतत नोंदले जाते, त्यासाठी कुणाच्या घोषणेची वाट पाहावी लागत नाही. सप्टेंबरअखेर शाळा, आरोग्य केंद्रे आणि वसतिगृहे यांच्या दुरुस्तीच्या तरतुदीपैकी किती टक्के रक्कम प्रत्यक्ष सोडली गेली, याचा जिल्हावार तक्ता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आपण छापावा. तेव्हा पाऊस परतीच्या वाटेवर असतो, कामाचे सहा महिने हातात असतात आणि हिवाळी अधिवेशन पुढे असते. आमदारांना विचारायला प्रश्न मिळेल आणि लेखा शाखेत बसलेल्या एखाद्या लिपिकाला वर पत्र लिहायला आधार मिळेल. मला तो कधी मिळाला नाही. सुरुवात '27-लहान बांधकामे' पासून केली तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त सहायक लेखा अधिकारी