पूर्वजांच्या नळ्या

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

सोमवारी फोनवर तुझ्याशी तुटक बोललो, मनाला लावून घेऊ नकोस. त्याच दिवशी सकाळी आमच्या प्रयोगशाळेतला डीप फ्रीझर बंद पडलेला दिसला. शनिवारी रात्री वीज गेली होती आणि मी दार उघडलं सोमवारी. माझ्या सगळ्या नळ्यांतले गोठवलेले नमुने वितळून गेले होते. ४० दिवसांचे ई. कोलाय जिवाणू, साधारण २६५ पिढ्या. तू म्हणालास, "फ्लास्कमधले जिवंत आहेत ना, मग झालं!" जिवंत आहेत रे. गेले ते त्यांचे पूर्वज.

रिचर्ड लेन्स्की या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाचं काम वाचून मी हे सुरू केलं होतं. २४ फेब्रुवारी १९८८ला कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमध्ये त्यांनी एकाच वाणाचे जिवाणू १२ फ्लास्कमध्ये वाढवायला घेतले. रोज जुन्यातला शंभरावा हिस्सा ताज्या द्रावणात घालायचा. ग्लुकोज जेमतेम, काही तासांत संपणारं. जो आधी जागा होतो आणि भराभर दुभंगतो, त्याची लेकरं उद्याच्या फ्लास्कमध्ये जास्त. पहिल्या २,००० पिढ्यांतच बाराही फ्लास्कमधल्या जिवाणूंनी रायबोज ही साखर पचवायची जनुकं गमावली. ती साखर तिथे नव्हतीच, आणि ती जनुकं गेल्यावर वाढ एक-दोन टक्क्यांनी सुधारली! गमावणं हीच कमाई ठरली. पुढे कळलं, की फायद्याची उत्परिवर्तनं, म्हणजे डीएनएमधले बदल, नुसती बेरजेने वाढत नाहीत. आधीच चपळ झालेल्या जिवाणूला तेच उत्परिवर्तन बहुतेक वेळा कमी लाभ देतं.

पण मला झोप येऊ देत नाही ती सायट्रेटची गोष्ट. त्या द्रावणात सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचं लवण, भरपूर असतं, तरी प्राणवायू असताना ई. कोलायला ते खाता येत नाही. ते आत घेणारं जनुक त्याच्याकडे असतं, पण प्राणवायूत मिटलेलं. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका फ्लास्कमध्ये डीएनएच्या एका तुकड्याची जोडप्रत निघाली आणि ते जनुक प्राणवायूतही चालू राहणाऱ्या डीएनएमधल्या बटणाशेजारी जाऊन बसलं. सुरुवातीला त्याने फारसं काही साधलं नाही. २००३च्या जानेवारीत मात्र फ्लास्क इतका गढूळ झाला, की आधी वाटलं बाहेरचा कुठला जिवाणू शिरलाय.

लेन्स्कींच्या प्रयोगशाळेतल्या झॅकरी ब्लाउंट यांनी मग त्याच फ्लास्कचे गोठवलेले पूर्वज जागे करून पुन्हा वाढवले. ही करामत पुन्हा साधली ती २०,००० पिढ्यांच्या पुढच्या पूर्वजांनाच. म्हणजे आधीच्या काही बदलांनी तिची जमीन नांगरून ठेवली होती. बाकीच्या ११ फ्लास्कना ते साधलं नाही. तेच उत्परिवर्तन, पण मागे काय घडलंय त्यावर त्याची किंमत. आणि हे कळलं कशामुळे? दर ५०० पिढ्यांनी उणे ८० अंशांवर ठेवलेल्या नळ्यांमुळे!

माझे जिवाणू आज आधीपेक्षा लवकर वाढायला लागतात. का, ते आता मी त्यांच्या आजोबांना विचारू शकत नाही. फार लागलंय मला ते.

बुधवारपासून मूळ वाण घेऊन पुन्हा सुरुवात केलीय. या वेळी प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या, दोन वेगळ्या इमारतींत. कल्चर रोज बदलावं लागतं, पाडव्यालाही, त्यामुळे दिवाळीत कोकणात येणं जमणार नाही. काकूंना तू समजावून सांग. आणि तूच ये चार दिवस, सकाळी माझ्याबरोबर प्रयोगशाळेत चल.

तुझाच