कवळी वाटून झाली, बसवणार कोण?

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी ७१ वर्षांची. ठाण्यात किसननगरला मुलाकडे राहते. वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या पॅकिंगवर २६ वर्षं उभ्यानं काम केलं. मंत्र्यांना पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा मानपानात काही कमी पडलं तर सांभाळून घ्या. गेल्या आठवड्यात आमच्या नाक्यावर मोफत कवळीच्या शिबिराचा तो फ्लेक्स लागला नसता तर लिहिलंही नसतं. फ्लेक्सवर मी आहे. तोंडभर हसतेय, पांढरेशुभ्र दात दिसताहेत आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय की ज्येष्ठांचं हसू परत आलं.

साहेब, ते दात माझ्या तोंडात फोटोपुरते होते. फोटो काढणारा मुलगा म्हणाला, "आजी, अजून थोडं हसा." मी हसले. हिरडीला खालून टोचत होतं, तरी हसले, कारण आता कवळी बसेल, भाकरी खाता येईल, या आनंदात होते. त्या कवळीनं मी आजपर्यंत एक घास चावलेला नाही.

झालं ते सांगते. वरचे दात आधीच गेले होते. खालचे सात उरले होते, तेही मधुमेहानं हिरड्या सोडून हलायला लागले, म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये काढून टाकले. त्यानंतर तीन आठवड्यांत आमच्या भागात ज्येष्ठांसाठी मोफत कवळीचं शिबिर भरलं. मंडपात रांग, पुढे एक खुर्ची. एका मुलीनं लोखंडी साच्यात गुलाबी लगदा भरून माझ्या तोंडात दाबला. उमासे येत होते, तिनं हनुवटी घट्ट धरून ठेवली. साचा काढला, त्यावर नंबर चिकटवला आणि "दीड महिन्यात मिळेल" म्हणाली. रांगेत दोन तास, खुर्चीवर चार मिनिटं.

दीड महिन्याचे दहा महिने झाले. चार वेळा हेलपाटे घातले. एप्रिलमध्ये निळ्या डबीत कवळी हातात ठेवली, वहीत सही घेतली, फोटो काढला. घरी येऊन घातली तर खालची जिभेच्या नुसत्या धक्क्यानं उठायची. दोन दिवसांत आत पांढरा फोड आला. कोणी म्हणालं, टोचतं तिथं पॉलिश पेपरनं घासा. घासलं. तिसऱ्या दिवशी बेसिनवर धुताना हातातून सटकली आणि बरोबर मधोमध दोन तुकडे झाले. तुकडे घेऊन गेले तर वही उघडून माझीच सही मला दाखवली. "मिळाली ना? मग आता काय?"

शिबिर कोणी भरवलं, कोणत्या मैदानात, हे मी लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही त्या एकाला नोटीस काढाल आणि विषय मिटेल. मला तो मिटायला नको आहे.

मुलानं नौपाड्यात एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी तुकडे उलटसुलट पाहिले, माझ्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. दात काढले की खालचं हाड झिजायला लागतं. पहिल्या सहा महिने ते वर्षभरात सगळ्यात जास्त झिजतं, आणि वरच्यापेक्षा खालच्या जबड्याचं कितीतरी अधिक. तीन आठवड्यांची ओली हिरडी मापायची आणि त्या मापाची कवळी दहा महिन्यांनी द्यायची, तर ती बसणारच नाही. शिवाय एका मापानं पूर्ण कवळी होत नाही. आधी एक माप, मग खास आपल्या जबड्याच्या साच्यात दुसरं, मग दोन्ही जबडे कुठे मिळतात ते बघायचं, मग मेणावर दात लावून तोंडात घालून बघायचे, आणि मग पक्की कवळी. ती दिल्यावरही दोन-तीनदा बोलावून टोचतं तिथं घासून द्यायचं. पुढे हाड झिजलं की आतून नवा थर द्यायचा, पाच-सात वर्षांनी बहुधा नवीच करायची. इतकं सगळं ऐकल्यावर मी विचारलं, खर्च किती? वर-खाली मिळून २४ हजार. मला पेन्शन येतं महिन्याला १,८६० रुपये. वर्षभर त्यातला एक रुपया खर्च केला नाही तरी भरत नाही.

माझा साखरेचा डॉक्टर सांगतो, आजी, भात कमी करा, ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, काकडी-गाजर खा. कशानं खाऊ? कालवलेला भात, चहात बुडवलेला पाव, पेज, दुधात कुस्करलेली चपाती, एवढंच गिळता येतं, आणि नेमकं तेच मला वर्ज्य. उपाशीपोटीची साखर दीडशेच्या आत असायची, आता दोनशेच्या वर गेली. गोळ्या वाढवल्या, त्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात. म्हणजे दात नाहीत म्हणून वाढलेल्या साखरेवर सरकार आयुष्यभर खर्च करेल, पण दातांवर करणार नाही. हा हिशेब तुमच्या खात्यात कोण करतं, ते मला जाणून घ्यायचंय.

सून माझं वेगळं शिजवते, कधी बोलून दाखवत नाही. पण मी सगळ्यांचं झाल्यावर जेवते. हिरड्यांनी चघळताना तोंड कसं दिसतं, ते नातवानं एकदा टक लावून पाहिलं, तेव्हापासून. आमच्या भजनी मंडळात मी अभंग धरायचे. "तुका म्हणे" म्हणताना "त" ला जीभ टेकायला दातच नाहीत. आता मी मागे बसून टाळ वाजवते.

योजनांबद्दल बोलू. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. ६५ वर्षांवरच्या गरिबांना एकदाच ३,००० रुपये. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा, कमरेचा, मानेचा पट्टा, अशी नावं तिच्या यादीत वाचली. कवळीचं नाव नाही. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कवळी आहे, मग राज्याच्या यादीत का नाही? म्हातारपणी माणूस बघतो, ऐकतो, चालतो, पण जेवत नाही, असं वाटलं का यादी करणाऱ्यांना? ही योजना सामाजिक न्याय खात्याची, असं उत्तर कृपा करून देऊ नका. माझं तोंड कोणत्या खात्यात येतं, हे ठरवणं माझं काम नाही.

सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्डही माझ्याकडे आहे, ५ लाखांचं. ते घेऊन गेले तर कळलं, त्यासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागतं. कवळीसाठी कोण भरती होतं? ५ लाखांचं कार्ड उशाशी आणि २४ हजारांपायी तोंड बोळकं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं लोकांना?

सरकारी दंत महाविद्यालय गाठायचं तर सीएसएमटी, नाहीतर महापालिकेचं नायरचं मुंबई सेंट्रलला. तिथे चांगलं काम होतं असं ऐकते. पण पाच-सहा फेऱ्या, सकाळची लोकल, सोबतीला मुलगा, त्याचा दर वेळी बुडालेला रोज. तो टेम्पो चालवतो. एवढ्या मोठ्या ठाणे जिल्ह्यात एकही सरकारी दंत महाविद्यालय नाही. पलीकडे नेरुळ-खारघरकडे खासगी मात्र एकाला लागून एक आहेत. डॉक्टर घडवायला जागा मिळते, पैसा मिळतो. म्हाताऱ्यांच्या हिरड्यांना आठवड्यातून एक खुर्ची मिळत नाही.

आणि कवळी सांभाळायची कशी, हे शिबिरात एका शब्दानं सांगितलं नाही. डबीत इंग्रजी कागद होता. मी ती दंतमंजनानं खसाखसा घासली आणि रात्री रुमालात गुंडाळून ठेवली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मंजनानं चरे पडतात आणि त्यात घाण बसते. साधा साबण आणि मऊ ब्रश पुरतो. धुताना खाली पाणी भरलेलं घमेलं ठेवायचं, म्हणजे पडली तरी फुटत नाही. रात्री काढून गार पाण्यात ठेवायची, कोरडी पडली तर आकार बिघडतो, कढत पाण्यानंही बिघडतो. शेजारच्या काकू हरवेल या भीतीनं वर्षभर तोंडात ठेवूनच झोपायच्या, त्यांची टाळू आतून लालभडक झाली होती, बुरशी धरली होती. ही चार वाक्यं मराठीत सांगायला माणूस ठेवला असता तर काय बिघडलं असतं? फोटो काढायला होता की माणूस.

आमच्यासारख्यांचं सगळीकडे असंच. भविष्य निधीच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली आणि तिथेच थांबली. तूरडाळ तिथे थांबली का? आयुष्यभर कापून दिलेले पैसे मागायला गेलो की लाभार्थी म्हणतात. मी लाभार्थी नाही, साहेब. मी २६ वर्षं तुमच्या या राज्यात उभी राहिले आहे.

माझं मागणं मोठं नाही. जिल्हा आणि महापालिकेच्या दवाखान्यांत कवळीचा डॉक्टर आणि कवळी बनवणारा तंत्रज्ञ नेमा. आठवड्यातला एक ठरलेला दिवस ज्येष्ठांना द्या, माप घ्यायला आणि नंतर घासून, दुरुस्त करून द्यायलाही. राज्याच्या वयोश्रीच्या यादीत कवळी घाला, आणि ३,००० मध्ये ती होत नाही हे जाणून घाला. नीट मापाशिवाय, पुन्हा बोलावल्याशिवाय शिबिरात कवळ्या वाटणं बंद करा. तो फ्लेक्स उतरवा, निदान माझा फोटो तरी.

दोन्ही तुकडे मी त्याच निळ्या डबीत पाणी घालून ठेवले आहेत. कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वारी, किती वाजता घेऊन यायचे, तेवढं कळवा.

आपली,
किसननगर, ठाणे येथील एक आजी