समोरच्या खुर्चीवरच्या ताईस

ताई,

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं उघडं पत्र.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी अभ्यासिकेत मी एकच गणित चौथ्यांदा खोडत होतो. संयुगात लोह ७२.४ टक्के, ऑक्सिजन २७.६ टक्के, सूत्र काढा. मी ७२.४ ला थेट २७.६ ने भागून आलेल्या २.६ कडे बघत बसलो होतो. तू वही ओढून घेतलीस आणि विचारलंस, "हे वजन आहे की नग?"

एका मोलात ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण असतात, हे मला तोंडपाठ होतं. पण टक्केवारी वजनाची असते, सूत्र मात्र अणूंच्या संख्येचं, आणि वजनावरून नग मोजायची सोय म्हणजे मोल, हे डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

"१०० ग्रॅम धर." धरले. आता टक्के तेच ग्रॅम. ७२.४ भागिले ५५.८५ (लोहाच्या एका मोलाचे ग्रॅम), म्हणजे १.२९६ मोल लोह. २७.६ भागिले १६ (ऑक्सिजनच्या एका मोलाचे), म्हणजे १.७२५ मोल ऑक्सिजन. लहान आकड्याने दोन्हींना भागलं, तर १ ला १.३३.

मी खुशीत १.३३ चा १ करून टाकला! तू रागावली नाहीस. "एकास एक असते तर लोह किती टक्के आलं असतं?" एवढंच विचारलंस. ५५.८५ भागिले ७१.८५ (५५.८५ अधिक १६), म्हणजे ७७.७. पाच टक्क्यांहून जास्त लोह मी पदरचं घातलं होतं. मग दोन्ही आकड्यांना ३ ने गुणलं आणि ३ ला ४ आले. Fe₃O₄, म्हणजे मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज.

उठता उठता तू एक चकवा टाकलास: कार्बन ४०, हायड्रोजन ६.७, ऑक्सिजन ५३.३ टक्के, ओळख. गुणोत्तर १:२:१ आलं आणि मी ऐटीत ग्लुकोज म्हणालो. "अॅसेटिक आम्ल का नाही?" खरंच की, टक्केवारी दोघांची सारखीच! १:२:१ म्हणजे CH₂O, त्याचं वस्तुमान ३०; रेणुवस्तुमान १८० असेल तर त्याच्या सहापट म्हणजे ग्लुकोज, ६० असेल तर दुप्पट म्हणजे अॅसेटिक आम्ल. ते विचारल्याशिवाय नाव घ्यायचं नाही.

आता उत्तर आलं की मी उलटं गणित मांडून टक्के जुळतात का ते बघतो. शिकवणीला येणारी मुलं वैतागतात. त्यांना मी तुझाच प्रश्न विचारतो, वजन की नग?

मनापासून आभार. तुझी पेन्सिल माझ्याकडेच राहिली आहे.

चौथ्यांदा खोडणारा