व्हिटॅमिन डी पेशीत जाऊन काय करतं तेही छापा

संपादक साहेब, नमस्कार,

व्हिटॅमिन डीवर पेपरात काही आलं की विषय ऊन आणि हाडं एवढ्यावरच संपतो. पण शरीरात पुढे जे होतं ते कुणी सांगतच नाही, म्हणून लिहितेय.

उन्हातून किंवा गोळीतून मिळालेलं डी जसंच्या तसं कामाला येत नाही. आधी लिव्हरमध्ये त्यात एक बदल होतो, मग मुख्यतः किडनीत दुसरा, तेव्हा कुठे कॅल्सिट्रायॉल बनतं आणि ते चक्क हार्मोन आहे. ते पेशीत शिरून व्हीडीआर नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं, हा रिसेप्टर आरएक्सआर नावाचं आणखी एक प्रोटीन जोडीला घेतो आणि दोघं मिळून डीएनएवर ठराविक जागी जाऊन बसतात, मग काही जीन्सचं काम वाढतं, काहींचं मंदावतं. आतड्याच्या पेशीत यामुळेच कॅल्शियम आत घेणारे चॅनल, ते पलीकडे नेणारं कॅल्बिंडिन आणि रक्तात सोडणारे पंप जास्त बनतात. हे झालं नाही तर कॅल्शियम कितीही खाल्लं तरी आतडं त्यातलं थोडंच घेतं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो यातला ब्रेक. कॅल्सिट्रायॉल ज्या जीन्सना कामाला लावतं त्यातल्याच एकीपासून त्याला स्वतःला निकामी करणारं एन्झाइम बनतं! शिवाय गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं पॅराथायरॉइड हार्मोन किडनीतलं कॅल्सिट्रायॉलचं उत्पादन वाढवतं आणि हाडांतून येणारं एफजीएफ २३ नावाचं हार्मोन ते कमी करतं.

आणि म्हणूनच नेहमीच्या टेस्टमध्ये कॅल्सिट्रायॉल मोजत नाहीत, लिव्हरमध्ये बनलेलं २५-हायड्रॉक्सी डी मोजतात, कारण ते रक्तात काही आठवडे टिकतं, कॅल्सिट्रायॉल मात्र काही तासच, आणि डीची कमतरता असली तरी पॅराथायरॉइड हार्मोन वाढल्यामुळे कॅल्सिट्रायॉल नॉर्मल दिसू शकतं.

किडनी निकामी झालेल्यांना साधी गोळी पुरेशी पडत नाही, अशा काही पेशंटना डॉक्टर तयार कॅल्सिट्रायॉल देतात. उलट मनानेच मोठे डोस घेत राहिलं तर वरचा ब्रेकही पुरत नाही, २५-हायड्रॉक्सी डी इतकं साठतं की तेच रिसेप्टरला चिकटायला लागतं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, किडनीला इजा होते. हे वाचलेला माणूस डॉक्टरांना न विचारता डोस वाढवणार नाही असं मला मनापासून वाटतं, तेव्हा आरोग्याच्या पानावर एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून (हार्मोनच्या डॉक्टरांकडून) यावर सविस्तर लेख लिहून घ्या ही विनंती.

आपली,
एक वाचक