45वा नंबर नुसता छापू नका, तो कसा आला तेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या क्रीडा पानावर हिवाळी खेळांवरचा लेख वाचला. चांगला होता, युरोपातल्या रेसर्सबद्दल भरपूर होतं, पण आपल्या आरिफ खानबद्दल शेवटी एकच ओळ, की 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू स्कीइंगच्या रेसला 45वा आला. संपलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकला आणि खाली लगेच हसण्याच्या इमोजींची रांग, एकटाच गेला आणि 45वा आला म्हणे. मला खरंच फार वाईट वाटलं, दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

मी काही स्कीइंगमधला जाणकार नाही. 2019 च्या जानेवारीत आम्ही गुलमर्गला गेलो होतो, सगळे करतात तेच केलं, भाड्याचे बूट, स्लेजवाल्याशी घासाघीस, गोंडोला म्हणजे तिथला रोपवे, फोटो. तिथं निम्मी गर्दी आपलीच असते, जिकडेतिकडे मराठी ऐकू येतं. मुलीचे पाय गारठले म्हणून एका स्कीच्या दुकानात शिरलो तर आत एक पोरगा बाकावर स्की आवळून कानस घेऊन तिच्या कडेला धार लावत बसलेला, एकाच दिशेनं, एकसारखा हात. मग त्यानं अंगठ्याचं नख त्या धारेवरून हलकेच ओढलं तर नखाचा बारीकसा कीस निघाला. एवढी धार कशाला रे, बर्फ तर मऊ असतो, असं मी विचारलं तर म्हणाला, साब रेस में बर्फ नहीं होता, शीशा होता है. नंतर वाचलं तर खरंच तसं असतं, मोठ्या रेसच्या उतारात पाणी मारून तो गोठवतात, टणक करतात, आणि त्याच्यावरून हे लोक ताशी सत्तर-ऐंशीच्या वेगानं वळणं घेत खाली येतात. मध्ये फक्त ती धार.

आरिफ याच गुलमर्गचा. वडिलांचं तिथं स्कीच्या सामानाचं दुकान, पोरगं चौथ्या वर्षी स्कीवर उभं राहिलं. 2011 ला दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेत त्यानं स्लॅलम आणि जायंट स्लॅलम दोन्हीत गोल्ड घेतलं (दोन्हीत उतारावर रोवलेल्या काठ्यांच्या गेटमधून वळत खाली यायचं, जायंटमध्ये गेट जास्त लांब लांब), 2013 पासून बीजिंगपर्यंत चार वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळला. आपल्याला वाटतं घराबाहेर बर्फ आहे मग अजून काय पाहिजे. पण या खेळात करिअर बर्फावर नाही, पॉइंट्सवर चालतं, आणि हे पॉइंट्स जितके कमी तितकं चांगलं. पहिल्या आलेल्याच्या तुम्ही किती मागे राहिलात आणि त्या रेसला उतरलेली मंडळी कुठल्या दर्जाची होती, या दोन्हीवरून ते ठरतात. म्हणजे आपल्याच गावात दहा वेळा पहिला आलास तरी आकडा फारसा खाली येत नाही, त्यासाठी तगडी मंडळी जिथं उतरतात तिथं जाऊन उतरायचं, आणि ती असतात युरोपात. तिकीट, व्हिसा, राहणं, कोच, स्कीच्या दोन-तीन जोड्या, हे सगळं दर सीझनला आणि बहुतेक स्वतःच्या खिशातून. 2018 चं ऑलिम्पिक त्याचं पैशापायीच हुकलं, लोकांकडून वर्गणी काढून पाहिली तरी पुरलं नाही.

बीजिंगला जायचं तर पाच चांगल्या रेसच्या पॉइंट्सची सरासरी 160 च्या आत हवी होती. स्लॅलमचं त्यानं दुबईत जमवलं, म्हणजे वाळवंटात छताखाली बनवलेल्या बर्फावर, आणि जायंट स्लॅलमचं युरोपातल्या माँटेनेग्रोत. स्वतःचं लग्न पुढं ढकललं त्यासाठी. एकाच हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दोन प्रकारांत क्वालिफाय झालेला पहिला भारतीय तो, हे किती जणांना माहीत आहे?

आता ती 45व्या नंबरची, 13 फेब्रुवारी 2022 ची जायंट स्लॅलमची रेस. जोरात बर्फ पडत होता, समोरचं धड दिसत नव्हतं, दुसरी रन, म्हणजे दुसऱ्यांदा खाली उतरणं, उशिरा सुरू करावं लागलं. रँकिंगवाले आधी उतरतात, त्यांच्या स्कीनं गेटपाशी चर पडत जातात आणि मागच्यांना त्याच चरांतून जावं लागतं, आरिफ त्या मागच्यांतला. एक गेट चुकलं की खेळ खलास, दोन्ही रनची वेळ मिळवून नंबर. जितके सुरू झाले त्यातले जवळजवळ निम्मे खाली पोचलेच नाहीत, त्यात बर्फातच वाढलेले, मोठमोठ्या टीमचे लोकही होते. आरिफ दोन्ही रन पूर्ण करून आला, 2 मिनिटं 47.24 सेकंद. गोल्डवाला स्वित्झर्लंडचा मार्को ओडरमॅट 2 मिनिटं 9.35, म्हणजे 38 सेकंदांच्या आसपास फरक, तो कुणी लपवत नाही. फरक मोठा आहेच. पण घराजवळच रेसचे उतार, लहानपणापासून कोच आणि टीम असलेला माणूस आणि वर्गणी काढणारा माणूस यांच्यातला तो फरक आहे. स्लॅलममध्ये मात्र तीन दिवसांनी त्याची पहिली रन पूर्ण झाली नाही, तेही सांगायला हवं.

आणि तो एकटाही नाही. 1988 ला कॅनडातल्या कॅलगरीत शैलजा कुमार स्लॅलमला उतरली होती, हिवाळी ऑलिम्पिकमध्ये गेलेली पहिली भारतीय बाई. मनालीकडच्या आंचल ठाकूरनं 2018 ला तुर्कस्तानातल्या स्कीइंग स्पर्धेत ब्राँझ घेतलं. आमच्या घरात कुणालाच ही नावं माहीत नव्हती, मलाही नव्हती.

त्यात आता बर्फाचंच खरं नाही. 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं पडलं होतं, 2025 ला बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या तिथल्या स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलल्या. पर्यटकाची ट्रिप वाया जाते, त्या कानसवाल्या पोरासारख्यांचा पूर्ण सीझन जातो.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी आपल्याकडचं कुणी उतरलं की निकालाच्या ओळीत किती जण सुरू झाले, किती खाली पोचले आणि आपला माणूस सरावाला कुठं होता, हे छापा. चार ओळी जास्त लागतील. नावाबरोबर गावही टाका, गुलमर्गला जाऊन आलेली निम्मी मराठी घरं ती बातमी वाचतील, त्यांनी तो उतार पाहिलेला आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा